ठरलेली चूक

माळेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला नाशिककडचं मालेगाव आठवतं. आमचं माळेगाव नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, खंडोबाचं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि पुढचे चार-पाच दिवस त्या माळावर घोडे, उंट, गाढवं, लालकंधारी वळू, तमाशाचे तंबू, वैदू, घिसाडी, गोंधळी असा सगळा भटका मुलूख येऊन उतरतो. माझा मामा तिथं गोडीशेवेचं दुकान लावायचा. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, पुढं परातीत रचलेला गोडीशेवेचा डोंगर आणि मागं भट्टी. १९८८ च्या आसपासची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो आणि परातीवरच्या माशा वारायचं काम माझ्याकडं होतं.

दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. आख्खा मुलूख रानात बसून भज्जी-आंबील खात असतो. मामाची येळवस मात्र डब्यातून यायची, आणि तीही गिऱ्हाइकातून सवड मिळाली तर. उंडे गार, आंबील कोमट. त्याबद्दल मामी मार्गशीर्ष ते मार्गशीर्ष बोलत असे.

दुकानासमोर, भांड्याच्या दुकानात आणि फोटोवाल्याच्या रंगवलेल्या पडद्यात, दहा-बारा पावलांची मोकळी जागा होती. तिथं सुऱ्यांचा खेळ व्हायचा. एक उस्ताद, त्याची ढोलकं वाजवणारी बायको, माझ्याच वयाची एक मुलगी आणि पाटीत झोपलेलं एक लेकरू. उस्तादाचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. तो आमच्याशी मराठी बोलायचा आणि खेळ सुरू झाला की हिंदी. का, ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, तमाशात राजा जसा वेगळं बोलतो तसंच ते असावं.

आधी तीन लिंबं. मग लाकडी गोळे. गर्दी दाटली की गोणपाटातून पाच सुऱ्या निघायच्या, हातभर लांब, मुठीला सुतळी गुंडाळलेली. त्यातल्या एकीनं तो मुळा कापून दाखवायचा. मुळ्याच्या चकत्या पोरांच्या अंगावर उडायच्या. मग तीन सुऱ्या वर जायच्या. ऊन पात्यांवरून सरकायचं, ढोलकं आवाज खाली घ्यायचं आणि त्या तीन सुऱ्या तशाच फिरत राहायच्या, जणू त्यांना कुणी फेकतच नाही. थोड्या वेळानं मुलगी चौथी सुरी हातात घेऊन उभी राहायची, बाप मानेनं हो म्हणायचा, ती फेकायची.

आणि चौथी निसटायची.

त्याच्या उजव्या पायापासून वीतभर अंतरावर ती जमिनीत उभी रुतायची आणि थरथरत राहायची. बायकांच्या तोंडून "अगं बाई" निघायचं. उस्ताद हलायचा नाही. रुतलेल्या सुरीकडं बघायचा, मग आमच्याकडं, मग दोन्ही कानांना हात लावून देवळाच्या दिशेनं वाकायचा. ढोलकं गप्प. एवढ्या मोठ्या यात्रेत तेवढी दहा-बारा पावलं शांत. मग तो म्हणायचा, "फिरसे करूँ?" लोक ओरडायचे, कर. तो नाही म्हणायचा. लोक पुन्हा ओरडायचे. त्या ओरडण्यातच मुलगी थाळी घेऊन फिरायला लागायची. चौथी सुरी दुसऱ्यांदा वर जायच्या आत पैसे थाळीत पडलेले असायचे. नंतर चार सुऱ्या झकास फिरायच्या, पण पैशाचा खेळ तेव्हा संपलेला असायचा.

पहिल्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या खेळालाही आला. तिसऱ्या खेळाला सुरी पुन्हा त्याच ठिकाणी पडली आणि माझा हात पंख्यावरच थांबला. चौथ्यांदा मी पडण्याआधीच आकडे मोजायला लागलो. मामानं मागून टपली मारली. "काय बघायलास? गिऱ्हाईक उभं हाय कवाचं."

दिवसाला सहा-सात खेळ. सुरी प्रत्येक वेळी पडायची. एकाच जागी पडायची. जमिनीत तिथं भेगांचा एक लहानसा पुंजका तयार झाला होता, तो खेळ नसताना मी जाऊन पाहिलाही. एवढं मोठं गुपित अकराव्या वर्षी पोटात ठेवणं म्हणजे काय असतं ते सांगता येणार नाही. फसवणूक पकडल्याचा आनंद होता, आणि त्याहून मोठा आनंद हा की मला माहीत असूनही दर वेळी पोटात गोळा येतच होता.

रात्री भट्टीची ऊब असायची म्हणून ते कुटुंब आमच्या ताडपत्रीच्या मागं झोपायला यायचं. मामाची हरकत नसे. चार माणसं जागी असली की परात सुरक्षित. दुसऱ्या रात्री गोणपाट माझ्या उशाशी होतं. मी हळूच हात घालून एका पात्यावरून अंगठा फिरवला. रेघसुद्धा उठली नाही. दुसरी, तिसरी, सगळ्या बोथट, विळतीचं जुनं पातं असतं त्याहून बोथट. एकीच्या मुठीला लाल दोरा होता, तिची धार मात्र केसभर. मुळा कापणारी ती. नंतर लक्ष देऊन पाहिलं तर मुळा कापून झाला की तो तिला कडेला ठेवून द्यायचा आणि ती वर जायचीच नाही.

"कटा क्या?" अंधारातून आवाज आला. मी गारठलो. उस्ताद जागाच होता. रागावला नाही. सुरी माझ्या हातातून काढून घेतली आणि तिचं टोक माझ्या तळहाताला टेकवलं. टोक खरं होतं. धार घासून काढली होती, टोक ठेवलं होतं. मग त्यानं मराठीत सांगितलं ते माझ्या ध्यानात राहिलं. आडवी पडली तर लोकांला वाटतंय भांडं पडलं. उभी रुतली पाहिजे.

आता मी लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. लातूरला हे सांगताना कुणी मान वर करून बघत नाही, कारण इथं दर तिसरा माणूस काही ना काही शिकवतो. लॉकडाऊनमध्ये, गच्चीवर करण्यासारखं दुसरं काही नसताना, मी झेलायला शिकलो. आधी मोज्यांचे गोळे, पलंगाच्या कडेला उभं राहून, म्हणजे पडलेलं उचलायला वाकावं लागत नाही. मग भिंतीकडं तोंड करून, कारण नवशिका माणूस आपल्याच फेकीमागं पुढं-पुढं चालत जातो. नजर हातांवर ठेवायची नाही, वर ठेवायची, जिथं वस्तू क्षणभर थांबल्यासारखी होते तिथं. हात त्यांचं काम करतात. सागरगोटे खेळणाऱ्या मुलींना हे सगळं न शिकवता येतं. माझी बहीण गोटा वर टाकून खालचे चार उचलताना खाली क्वचितच बघायची.

तीन गोळे जमायला मला तीन आठवडे लागले. मग मी बायकोचं लाटणं घेतलं. नंतर आणखी दोन विकत आणली, कारण घरात शांतता हवी होती.

लाटणं म्हणजे सुरीची पहिली पायरी. गोळा कसाही फिरला तरी गोळाच राहतो. सुरीला मूठ एका बाजूला आणि पातं दुसऱ्या बाजूला. ती हवेत असताना बरोबर एक फेरा पुरा व्हायला हवा, तरच मूठ हातात येते. तो फेरा हात सुटतानाच ठरतो. नंतर हवेत असताना तिला काही सांगता येत नाही. समजा सुरी हातापासून ४४ सेंटिमीटर वर जाते. म्हणजे ती साधारण ०.६ सेकंद हवेत राहणार, आणि तेवढ्यात एक फेरा. आता माणूस घाबरतो. घाबरला की तो उंच फेकतो, कारण उंच फेकलं की वेळ मिळेल असं वाटतं. वेळ मिळतोही. उंची दुप्पट केली तर वेळ सुमारे १.४ पट होतो. पण मनगटाचा झटका तोच राहिला तर फेराही १.४ होतो, म्हणजे जवळजवळ दीड, आणि हातात येतं ते पातं. कापतं ते भीतीमुळं, असं मी वर्गात सांगतो आणि पोरं वहीत लिहूनही घेतात. लिहायचं तर सूत्र लिहा म्हणावं लागतं.

माहिती सिद्धांताचा (इन्फर्मेशन थिअरीचा) पाया घालणारा क्लॉड शॅनन या खेळाचा वेडा होता. त्यानं झेलणारी यंत्रं बनवली आणि एक प्रमेय मांडलं. वस्तू हवेत असण्याचा वेळ अधिक हातात असण्याचा वेळ, गुणिले हातांची संख्या. हे बरोबर हात रिकामा असण्याचा वेळ अधिक भरलेला असण्याचा वेळ, गुणिले वस्तूंची संख्या. बस्स. हात ०.३ सेकंद भरलेला आणि ०.२ सेकंद रिकामा धरला, तर तीन सुऱ्यांना हातापासून २५ सेंटिमीटर उंची पुरते. सात करायच्या तर अडीच मीटरांच्या वर जावं लागतं.

सातच का घेतल्या, तर 'लिएझी' या जुन्या चिनी ग्रंथात एक गोष्ट आहे. सोंग राज्यात एक फिरस्ता खेळकरी राजापुढं आला. पायांना आपल्या अंगाच्या दुप्पट लांब काठ्या बांधून तो पळत होता आणि सात तलवारी झेलत होता, त्यातल्या पाच कायम हवेत. मी हे वाचलं आणि पहिल्यांदा वही काढली. सातांपैकी पाच हवेत, उरल्या दोन, हात दोन. दोन्ही हात भरलेले असतानाही पाच वर. हिशेब जुळतो. ज्यानं हे लिहिलं त्यानं खेळ नीट उभं राहून पाहिला असणार, किंवा पाहिलेल्या माणसाकडून ऐकला असणार. थापा मारणारा पाचाऐवजी सातच्या सात हवेत सोडतो.

राजा खूश झाला, त्यानं सोनं आणि रेशीम दिलं. ते ऐकून दुसरा एक खेळकरी आला. राजा त्याच्यावर संतापला. मागं एक जण आला होता, म्हणाला. ती कला काही उपयोगाची नव्हती, माझं मन प्रसन्न होतं म्हणून मी दिलं, आता हाही त्याच आशेनं आला. आणि त्याला पकडून ठेवला. महिन्याभरानं सोडला. गोष्ट एवढीच.

मला त्या दुसऱ्याबद्दल फार वाटतं. पहिल्याची कला मोजायला माप नव्हतं, म्हणून ती राजाच्या मूडवर मोजली गेली. आणि दुसऱ्याच्या वेळी मूड नव्हता. मामाची गोडीशेव तराजूत बसायची. पावशेराला पावशेराचे पैसे. ढोलक्यावाल्या बाईच्या थाळीला तराजू नव्हता. म्हणून तर चूक ठरवावी लागायची. ती चूक म्हणजे त्यांचा तराजू होता. लोकांच्या पोटात गोळा किती मोठा आला यावर थाळीत किती पडायचं ते ठरायचं, आणि गोळा तयार करायचं काम उस्तादाला सुऱ्या झेलण्याइतकंच, कदाचित त्याहून चांगलं जमत होतं. भीती आमची होती. तो ती आम्हालाच विकत होता, आणि आम्ही घासाघीस करत होतो.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रंगमंचावर रामो सामी नावाचा एक हिंदुस्थानी खेळकरी गाजला. पितळी गोळे झेलायचा, तलवार गिळायचा. नाव बहुधा रामस्वामी असावं, इंग्रजांच्या तोंडात बसेल तेवढं उरलं. १८५० साली तो वारला तेव्हा पुरायला पैसे नव्हते. मदतीसाठी बायकोला वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली. कौतुकाचे लेख मात्र भरपूर छापून आले होते.

आपल्याकडचा कायदाही बघण्यासारखा आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानं भीक मागण्याची जी व्याख्या केली तिच्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं आणि खेळ करून दाखवणं हे सगळं येतं. सार्वजनिक जागी त्या निमित्तानं पैसे घेतले तर ती भीक. त्याच वर्षीचा शस्त्र कायदा, आणि त्याच्या नियमांतली मापं अशी की पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते हत्यारांच्या यादीत जातं. घरकामाची, शेतीची पाती त्यातून वगळलेली. म्हणजे ऊस तोडणारी कत्ती चालते. हातभर लांबीची बोथट सुरी, जिनं मुळासुद्धा कापता येत नाही, ती हत्यार. आणि ती झेलून पोट भरणारा भिकारी. गाढवाच्या बाजारात गाढवाला तरी पावती मिळते.

हे सगळं मी आज शहाणपणानं लिहितोय. आता शेवटच्या दिवसाचं.

यात्रा उठत आली होती. पाल सोडायला सुरुवात झाली होती, घोडेवाले निघाले होते. दिवस मावळताना माळावर एकदम थंडी उतरते, बोटांची पेरं आखडतात. मला भट्टीपाशी बसूनही परातीची कड धरवत नव्हती. उस्तादानं शेवटचा खेळ लावला. गर्दी बेताची. लिंबं झाली, गोळे झाले, मुळा संपला होता म्हणून गाजर कापलं. तीन सुऱ्या वर गेल्या. मुलगी चौथी घेऊन उभी राहिली. मी सवयीनं मोजायला लागलो.

चौथी पडली नाही. त्यानं ती झेलली. चार सुऱ्या दोन-तीन फेऱ्या फिरल्या आणि त्यानं त्या एकेक करून गोळा केल्या, वाकला, डावा हात उपरण्यात घातला. ढोलकं वाजतच राहिलं, कारण कुठं थांबायचं ते त्या बाईलाही कळलं नव्हतं. लोकांना वाटलं, झालं, संपलं. चांगला झाला खेळ, पण काही घडलं नाही. कड ढिली पडली, माणसं पांगायला लागली.

मी उभा राहिलो होतो. त्या यात्रेतल्या एवढ्या खेळांत पहिल्यांदाच ठरलेली चूक झाली नव्हती.

उपरणं हळूहळू काळं पडत होतं. संध्याकाळच्या उजेडात लाल दिसत नाही. एक सुरी फेरा चुकून टोकानं त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात शिरली होती, बहुधा चौथी हातात येण्याच्या आधीच, आणि तशा हातानं त्यानं पुढचे फेरे पुरे केले होते. खरी चूक झाली तेव्हा त्यानं ती लपवली. खोटी तो रोज सात वेळा दाखवत होता. आता वाटतं, तेही धंद्यातलंच. ठरलेल्या चुकीला लोक पैसे देतात; रक्त दिसलं की माणसं पोरांना कडेवर घेऊन निघून जातात.

मुलगी थाळी घेऊन फिरली. थाळीत फार काही नव्हतं. ती आमच्या दुकानापुढं आली आणि माझ्यासमोर थांबली. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. खेळ पाहताना माझे ओठ मोजत असायचे ते तिनं पाहिलं होतं. माझ्या खिशात मामानं शेवटच्या दिवशीच्या पाळण्यासाठी दिलेले चार आणे होते. मी खाली बघितलं. माशा नव्हत्या, थंडीत कुठल्या माशा, तरी मी पंखा हलवला. ती पुढं गेली.

पाळण्यात बसलो की नाही ते आठवत नाही.

परत आलो तेव्हा मामा भट्टी विझवत होता. वर न बघता म्हणाला, "आज रुतवली न्हाई त्यानं." म्हणजे मामालाही माहीत होतं. समोर दिवसभर बसणाऱ्या सगळ्यांना माहीत असणार, भांडेवाल्याला, फोटोवाल्याला. कुणी कुणाला बोललं नव्हतं. मामानं हळदीची पुडी आणि कागदात बांधलेली पावशेर गोडीशेव माझ्या हातात दिली. "दिऊन ये. अन् वजन केलंय म्हनून सांगू नको."

उस्ताद गोणपाटावर बसला होता. बायको दातांनी चिंधी फाडत होती. त्यानं उजव्या हातानं पुडी घेतली. माझ्याकडं बघून म्हणाला, "गिरे तो गिरने देना. हाथ नई डालना." मग स्वतःच्या हाताकडं बघून हसला. मुलीनं गोडीशेवेचा कागद सोडला आणि माझ्याकडं बघितलंही नाही.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत, किंवा दुसरीकडं उतरले. माझ्या आत्ताच्या शहरात सिग्नलला कधी एखादं पोर तीन चेंडू झेलताना दिसतं. मी काच खाली करतो. तेवढ्यात सिग्नल सुटतो.

मागच्या महिन्यात वर्तुळगती शिकवायची होती. दुपारी दोनची बॅच म्हणजे जेवून आलेली शंभर पोरं, पंख्याखाली डोळे मिटत चाललेली. मी पिशवीतून तीन लाटणी काढली. पोरं सरळ बसली. आधी फेरा, मग उंची, मग १.४ चा हिशेब फळ्यावर, मग पुन्हा लाटणी. दुसऱ्या वेळी एक लाटणं हातातून निसटून फरशीवर आपटलं. मागच्या बाकांपर्यंत "आईईई" गेलं. मी थांबलो, लाटण्याकडं बघितलं, मग वर्गाकडं. शंभर जणं जागी. त्या शांततेत मी कोनीय संवेगाची व्याख्या सांगितली आणि ती सगळ्यांनी उतरून घेतली.

तास संपल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन आली. शंका विचारायची आहे म्हणाली. वही उघडलीच नाही.

"सर, सकाळच्या बॅचलापण पडलं होतं ना? माझी रूममेट सांगत होती." तिनं बोटानं जागा दाखवली. "हितंच, टेबलाच्या उजव्या पायापाशी."